व्हेरियंट चार पुरेत की चौदा हवीत?

नवी गाडी बाजारात आली की किंमतपत्रकाचं पान उलगडता उलगडत नाही. एकच मॉडेल, पण बेस, मिड, टॉप, त्यांच्यामधली ‘ऑप्शनल’, वर ऑटोमॅटिक, सीएनजी, दुरंगी छत. या महिन्यात आलेले बरेच प्रश्न याच गुंत्याभोवती आहेत, म्हणून हे सदर त्यालाच दिलं आहे. उत्तरांत ‘पायरी’ म्हणजे सोयीसुविधांचा टप्पा आणि ‘व्हेरियंट’ म्हणजे पायरी, इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून तयार होणारी, बिलावर लिहिली जाणारी गाडी, असं समजावं.

प्रश्न : नव्या मॉडेलला किती पायऱ्या असाव्यात याचं काही गणित असतं का? की मार्केटिंगवाले ठरवतील तेवढ्या? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली)

गणित असतं, आणि ते मार्केटिंग आणि कारखाना यांच्या भांडणातून ठरतं. खरा हिशोब पाहण्यासाठी मे २०२४ मध्ये आलेली नवी स्विफ्ट घेऊ. तेव्हाच्या एक्स-शोरूम किमती अशा होत्या : एलएक्सआय ६.४९ लाख, व्हीएक्सआय ७.२९, व्हीएक्सआय (ओ), म्हणजे ‘ऑप्शनल’, ७.५६, झेडएक्सआय ८.२९ आणि झेडएक्सआय प्लस ८.९९. (जीएसटीचे दर सप्टेंबर २०२५ मध्ये बदलले, त्यामुळे आजचे आकडे वेगळे आहेत, इथे आपल्याला पायऱ्यांमधलं अंतर पाहायचं आहे.)

पायऱ्या पाच. एलएक्सआय सोडून बाकी चौघींना तेव्हा ५० हजार जादा देऊन एएमटी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा स्वस्त प्रकार) मिळत होती, म्हणजे नऊ. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मधल्या तीन पायऱ्यांवर ९० हजार जादा दराने सीएनजी आली, म्हणजे बारा. सर्वांत वरच्या पायरीला दुरंगी छताचा पर्याय, मॅन्युअल आणि एएमटी दोन्हींत, म्हणजे चौदा. सहा एकरंगी आणि तीन दुरंगी छटा धरल्या तर कागदावर जास्तीत जास्त ७२ अधिक ६, म्हणजे ७८ प्रकारच्या गाड्या. सगळे रंग सगळ्या पायऱ्यांना मिळत नसल्याने प्रत्यक्षात कमी, पण पाच पायऱ्यांचा पसारा कुठवर जातो ते कळतं.

आता अंतर पाहा : ८० हजार, २७ हजार, ७३ हजार, ७० हजार. पहिल्या उडीत टचस्क्रीन येतो; एलएक्सआयमध्ये म्युझिक सिस्टीमच नाही. तिसऱ्या उडीत अ‍ॅलॉय, एलईडी हेडलॅम्प आणि ऑटो एसी. चौथीत नऊ इंची स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, क्रूझ कंट्रोल. या तिन्ही उड्यांचं कारण शोरूममधला माणूस एका दमात सांगू शकतो. मधली २७ हजारांची पायरी मात्र मुख्यतः बटण-स्टार्टसारख्या एक-दोन सोयींची. ती व्हीएक्सआयमध्येच का मिसळली नाही? आमचं अनुमान असं : व्हीएक्सआय एएमटी ७.७९ लाखांना होती. त्यात २७ हजार घातले की ८ लाखांची रेघ ओलांडली जाते, आणि ‘आठच्या आत ऑटोमॅटिक’ ही जाहिरात जाते. अशा रेघा किंमतपत्रकात सगळीकडे सापडतील.

पायरी ठेवावी की नाही, याची आमची कसोटी साधी आहे. खालच्या आणि वरच्या गाडीतला फरक ग्राहकाला एका वाक्यात सांगता आला पाहिजे, आणि अंतर खालच्या पायरीच्या किमतीच्या साधारण ७ ते १२ टक्के असावं. त्याहून कमी असेल तर ग्राहक गोंधळतो, सेल्समन कंटाळतो आणि ‘थोडे अजून टाका’ म्हणत सगळ्यांना वर ढकलतो. त्याहून जास्त असेल तर मधला ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये जातो. आमच्या मते १० ते २० लाखांच्या गटातल्या गाडीला चार पायऱ्या पुरतात. महिन्याला पाच आकडी खप असलेल्या गाडीला पाचवी पेलते. खास शौकिनांच्या गाडीला दोनच पुरतात : मारुतीची जिम्नी २०२३ मध्ये झेटा आणि अल्फा अशा दोनच पायऱ्यांत आली, महिंद्राची स्कॉर्पिओ क्लासिक २०२२ मध्ये एस आणि एस११ अशी दोनच.

उलट टोकाला ह्युंदाई क्रेटा. जानेवारी २०२४ मध्ये ती ई, ईएक्स, एस, एस (ओ), एसएक्स, एसएक्स टेक आणि एसएक्स (ओ) अशा सात पायऱ्यांत आली, त्यावर तीन इंजिनं. एवढा खप असला की सात पायऱ्या चालतात. पण हे पाहून लहान कंपनीने सात पायऱ्या काढल्या तर ती बुडेल.

प्रश्न : मी चाकणला वायरिंग हार्नेस (गाडीतल्या वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा) बनवणाऱ्या कारखान्यात आहे. गाडीत एक सोय वाढली की आमच्याकडे पार्ट नंबरांची रांग लागते. हे कमी करायचा काही मार्ग? (उत्पादन विभाग, चाकण)

तुमचं दुखणं वाचकांना कळावं म्हणून एका दारापुरतं बोलू. ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं दार. हँडल दोन तऱ्हेचं : साधं, किंवा बटण-स्टार्टसाठी छोटा स्विच आणि अँटेना असलेलं. आरसा तीन तऱ्हेचा : हाताने हलवायचा, बटणाने हलणारा, आपोआप मिटणारा. स्पीकर आहे किंवा नाही. ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, आहे किंवा नाही. ग्राहकाला यातलं हवं ते स्वतंत्रपणे निवडू दिलं तर दोन गुणिले तीन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे २४ प्रकारचं एकच दार. त्यात उजव्या-डाव्या बाजूचे स्विच वेगळे. पायऱ्या ठरवल्या की हेच चार-पाचांवर येतं. म्हणजे पायऱ्या गोंधळ वाढवतात असं आपण म्हणतो खरं, पण मुळात त्या गोंधळ आवरायला आलेल्या आहेत. अमेरिकेत जपानी कंपन्यांनी ठरलेल्या पॅकेजच्या गाड्या विकल्या त्या यासाठीच. जहाजाने महिना-दोन महिन्यांनी पोहोचणाऱ्या गाडीत प्रत्येकाची वेगळी फर्माईश भागवणं शक्य नव्हतं.

आता उपाय. पहिला : ज्या सोयीची वायर स्वस्त आहे, ती सगळ्या हार्नेसमध्ये घालून टाकायची आणि कपलर (वायरी जोडायचा प्लग) टोपी लावून मोकळा सोडायचा. स्पीकरच्या दोन वायरी जास्त गेल्या तर दारामागे काही रुपये वाढतात; त्या बदल्यात एक पार्ट नंबर, एक रॅक, एक चुकीचा जोड वाचतो. दुसरा : महाग वायर, म्हणजे कॅमेऱ्याची शील्डेड केबल, सनरूफची मोटर, समोरच्या रडारची जोडणी, यांचा वेगळा छोटा जोड-हार्नेस ठेवायचा, मुख्य हार्नेसला हात लावायचा नाही. तिसरा : हिशोब करताना फक्त तांब्याची किंमत धरायची नाही. नव्या पार्ट नंबरचा टेस्ट बोर्ड, लाइनवरची जागा, चुकीचं लेबल लागून परत आलेली पेटी, आणि मॉडेल बंद झाल्यावर आठ-दहा वर्षं सुटा भाग पुरवण्याची जबाबदारी, हे सगळं धरायचं. असा हिशोब मांडला की बहुतेक वेळा ‘सगळ्यात घाला’ हेच उत्तर येतं. मात्र ज्या पायरीचा खप एकूण खपाच्या अर्ध्याहून जास्त आहे ती खालची असेल, तर फुकट जाणारी वायरच महाग पडते. तिथे दोन हार्नेस ठेवा.

चूक नेमकी कुठे होते? डिझाइन गोठवल्यानंतर मार्केटिंग ‘फक्त एक (ओ) पायरी’ वाढवतं तिथे. भाग तेच असतात, पण जोडणी नवी होते. गाडीच्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्ये (दारं, आरसे, दिवे चालवणाऱ्या छोट्या संगणकात) त्या जोडणीचं कोडिंग नसतं आणि लाइनच्या शेवटी तपासणीत इशाऱ्याचा दिवा लागतो. म्हणून आधीच्या आराखड्यातच एक रिकामी पायरी राखून ठेवायला सांगा. आरसे, हँडल, स्विच यांच्या ज्या जोड्या कागदावर शक्य आहेत, त्या सगळ्यांचं कोडिंग सुरुवातीलाच करून घेतलं तर पुढे त्रास नाही.

प्रश्न : आम्ही चौघांनी मिळून इलेक्ट्रिक स्कूटरची कंपनी काढली आहे. महिन्याला ५०० गाड्यांचं लक्ष्य, वीस डीलर. चार व्हेरियंट आणि सहा रंग आणायचा विचार आहे. बरोबर आहे का? (भोसरी, पुणे)

नाही. आधी शोरूममधल्या मालाचा हिशोब करा. चार व्हेरियंट गुणिले सहा रंग म्हणजे २४. प्रत्येक डीलरकडे प्रत्येकी एक ठेवायची म्हटलं तर ४८० स्कूटर नुसत्या उभ्या. एक लाखाची गाडी धरली तर ४ कोटी ८० लाख रुपये अडकले आणि जवळजवळ महिन्याभराचं उत्पादन संपलं. दोन व्हेरियंट, चार रंग केले तर आठ गुणिले वीस, १६०. म्हणजे १ कोटी ६० लाख.

दोन व्हेरियंट कुठले? एकच सांगाडा, एकच मोटर, एकच कंट्रोलर. फरक बॅटरीत आणि डिस्प्लेत. ब्रेकमध्ये फरक करू नका. पुढचा डिस्क दोन्हींना द्या. २०२० च्या जानेवारीत बजाजने चाकणला बनवलेली चेतक दोन रूपांत आणली होती : एक लाखाची अर्बेन, पुढे ड्रम ब्रेक, १ लाख १५ हजारांची प्रीमियम, पुढे डिस्क. तेवढ्या मोठ्या कंपनीला दोन्ही ब्रेकांचा साठा परवडतो. तुम्हाला दुसऱ्या ब्रेकसाठी वेगळा फोर्क, वेगळं हब आणि वेगळी चाचणी करावी लागेल.

स्वस्त व्हेरियंट काढण्याआधी आणखी दोन उदाहरणं पाहा. एथरने २०१८ मध्ये ३४० आणि ४५० अशा दोन स्कूटर आणल्या. लोकांनी ४५०च मागितली आणि ३४० बंद करावी लागली. ओलाने ऑगस्ट २०२१ मध्ये एस१ ही ९९,९९९ आणि एस१ प्रो १,२९,९९९ रुपयांना जाहीर केली. जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने सांगितलं की एस१ घेणाऱ्यांनाही प्रोचंच हार्डवेअर मिळेल, सोयी सॉफ्टवेअरने बंद ठेवलेल्या असतील आणि पैसे भरून उघडता येतील. दोन्हीकडे कारण एकच. पहिल्या वर्षी नवी वस्तू घेणारा ग्राहक हौशी असतो, तो वरचीच मागतो. म्हणून आधी मोठ्या बॅटरीची काढा. लहान बॅटरीची सहा-आठ महिन्यांनी आणा, तोवर बॅटरीतल्या सेलच्या खरेदीचे दरही हातात आलेले असतील.

बॅटरी बदलली की नुसता डबा बदलत नाही. पॅकला एआयएस-१५६ या बॅटरी सुरक्षिततेच्या मानकाप्रमाणे चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. वजन, ब्रेकिंग आणि रेंजचे आकडे वेगळे येतात आणि मंजुरीत ते व्हेरियंट नोंदवावं लागतं. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था तुमच्या गावातच आहे. नमुना गाडी तयार होण्याआधी दोन्ही पॅकची कागदपत्रं घेऊन बसा आणि कुठली चाचणी एकदाच करून दोघांना लागू होईल ते लिहून घ्या. साधारणपणे जड गाडीवर केलेली काही चाचणी हलकीला चालते, उलट चालत नाही.

आणि चार्जर गाडीच्या किमतीतच धरा. केंद्र सरकारच्या फेम-२ अनुदानाच्या काळात काही कंपन्यांनी कारखान्याची किंमत दीड लाखाच्या मर्यादेत दाखवण्यासाठी चार्जर वेगळा विकला. २०२३ मध्ये त्यांना ग्राहकांना ते पैसे परत करावे लागले.

रंगांबद्दल एवढंच : पांढरा, काळा, राखाडी आणि एक भडक. भडक रंग फोटोत दिसायला हवा, गोदामात नको.

प्रश्न : गोदामात बेस आणि टॉप पडून आहेत, मिडचं वेटिंग दोन महिने. कंपनी ‘मिक्स’, म्हणजे सगळ्या पायऱ्यांच्या गाड्या मिळून, घ्यायलाच लावते. काय करावं? (डीलरशिपमधील विक्री व्यवस्थापक, सोलापूर)

पडून असलेल्या गाडीचं भाडं रोज मोजा. ९ लाखांची गाडी, कर्जाचा दर ९ टक्के धरला तर महिन्याला ६,७५० रुपये व्याज. दोन महिन्यांत १३,५००. हा आकडा गाडीच्या काचेवर नाही, पण तुमच्या तक्त्यात चिकटवा. साठ दिवस झालेल्या गाडीवर दहा हजारांची सूट आजच दिलेली परवडते.

बुकिंगच्या फॉर्मवर ग्राहकाची पहिली आणि दुसरी पसंती दोन्ही लिहून घ्या, पायरी आणि रंग वेगवेगळे. बहुतेक ठिकाणी फक्त शेवटी बुक केलेली गाडी नोंदली जाते आणि मूळ मागणी हरवते. तीन महिन्यांचा असा तक्ता हातात असला की कंपनीच्या एरिया मॅनेजरशी बोलणं सोपं जातं. शेजारच्या जिल्ह्यातल्या डीलरशी गाडी बदलून घेण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात. धाराशिव किंवा सांगलीकडे बेसला गिऱ्हाईक असू शकतं. डिसेंबरात बनलेली गाडी मात्र जानेवारीआधी कशीही काढा. वर्ष उलटलं की ग्राहक चॅसिस नंबरावरून उत्पादनाचं साल पाहतो आणि सूट तोच ठरवतो.

प्रश्न : मधली पायरी घेऊन बाकीचं बाहेरून बसवावं, की एक लाख जास्त टाकून वरची घ्यावी? १० लाखांच्या आसपासचं बजेट आहे. (नाशिक)

बाहेरून काय चांगलं बसतं आणि काय बसत नाही, यावर उत्तर आहे. रिव्हर्स कॅमेरा, सीट कव्हर, मॅट, वायरलेस चार्जर, चांगले स्पीकर : खुशाल बाहेरून घ्या, फक्त कपलरला कपलर जोडणारी वायर वापरायला लावा. वायर सोलून टेप गुंडाळणारा मेकॅनिक असेल तर उठून या. वॉरंटी त्या सर्किटपुरती जाते, आणि पहिल्या पावसात फ्यूज उडायला लागतो. ऑटो एसी, उंची बदलणारी सीट, एअरबॅग, सनरूफ : यांचा नाद सोडा, हे कारखान्यातच होतं. सनरूफ तर छत कापून बसवू देऊच नका.

अ‍ॅलॉयला जपून. स्विफ्टच्या खालच्या पायऱ्यांना १६५/८० आर१४ टायर असतो, वरच्यांना १८५/६५ आर१५. दोघांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखा आहे, म्हणून कंपनीच्या याच मापाचा संच चालतो. त्याहून रुंद टायर घातला की चाकाच्या कमानीला घासतो, मायलेज उतरतं आणि विम्याच्या दाव्यात सर्व्हेयर बोट ठेवतो. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब कोंबणं तर समोरून येणाऱ्यावर अन्याय. त्या दिव्याचा आरसा हॅलोजनच्या तापलेल्या तारेसाठी आखलेला असतो, एलईडीचा उजेड भलतीकडे फाकतो. बाहेरून बसवलेल्या विजेच्या वस्तू विमा घेताना नोंदवून घ्या, नाहीतर त्यांची भरपाई मिळत नाही.

आणि १० लाखांची रेघ तपासा. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के कर, १० ते २० लाखांना १२, त्यावर १३. डिझेलला १३, १४, १५. दर पूर्ण किमतीवर लागतो. ९.९० लाखांच्या पेट्रोल गाडीला १,०८,९०० रुपये, १०.१० लाखांच्या गाडीला १,२१,२००. शिवाय १० लाखांच्या वर गेलं की डीलर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने गोळा करायचा आयकर) घेतो, इथे १०,१००. ते पैसे आयकर विवरणपत्रात परत मिळतात, पण बिलाच्या दिवशी खिशातून जातात. म्हणजे वीस हजारांच्या पायरीला त्या दिवशी बेचाळीस हजार लागतात. तुमची वरची पायरी रेघेच्या थोडीच पलीकडे असेल तर खालची घ्या. पूर्ण पन्नास-साठ हजार पलीकडे असेल आणि त्यात हेडलॅम्प व ऑटो एसी मिळत असेल, तर वरचीच घ्या.

प्रश्न : टर्बो इंजिन हवं तर सगळ्यात महागच पायरी घ्यावी लागते. ही जबरदस्ती का? (ठाणे)

क्रेटाचंच पाहा. जानेवारी २०२४ मध्ये ती आली तेव्हा टर्बो पेट्रोल फक्त एसएक्स (ओ) मध्ये आणि फक्त डीसीटी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्ससह होतं. ज्या इंजिनाचा खप कमी, त्याला एकाच पायरीला बांधलं की कारखान्यात एकच जोडणी सांभाळावी लागते. महाग इंजिनावर नफाही वरच्या पायरीतच सुटतो. कंपनीच्या जागी बसलं तर हे बरोबर आहे. ग्राहक म्हणून तुम्ही एकच करू शकता : बुकिंग न करता परत जाताना शोरूमच्या चौकशी फॉर्मवर ‘टर्बो, मधल्या पायरीत हवी’ असं लिहून या. हे फॉर्म वर जातात, आणि सहा-आठ महिन्यांनी किंमतपत्रकात नव्या पायऱ्या येतात त्या काही वेळा अशा नोंदींवरूनही.

प्रश्न : बेस मॉडेल घेतलं तर सुरक्षिततेत तडजोड होते का? (कुडाळ)

पूर्वी होत होती. आता एबीएस, पुढच्या दोन एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, वेगाची सूचना आणि सीटबेल्टची आठवण हे सगळ्या पायऱ्यांना कायद्यानेच आहे. २०२४ ची स्विफ्ट आणि क्रेटा दोघींनी सहा एअरबॅग सर्वांत खालच्या पायरीतही दिल्या. तरी बेस पाहताना चार गोष्टी ब्रोशरमधून स्वतः वाचा : ईएससी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) आहे का, मागच्या मधल्या सीटला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आहे का, मागच्या काचेला डीफॉगर (काचेवरची वाफ घालवणाऱ्या तारा) आहे का, आणि लहान मूल असेल तर आयसोफिक्स (मुलांची सीट अडकवायची सोय). कोकणातल्या पावसात डीफॉगर नसलेली गाडी घेऊ नका. तो मागाहून नीट बसत नाही, कारण तारा काचेतच छापलेल्या असतात आणि अख्खी काच, स्विच आणि वायर सगळंच बदलावं लागतं.